पहिला अल्बम आणि सिंगल (मराठवाडा)

स्वतः गाणी लिहून, चाल लावून ती स्वतःच गाणाऱ्या कलावंताचा पहिला गीतसंच म्हणजे त्याचा पहिला अल्बम. एखादे गाणे सुटे बाजारात आले की ते सिंगल. ही विभागणी तबकड्यांच्या काळातली आहे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने अनेक गाणी मावणारी लाँग प्ले तबकडी आणली आणि दुसऱ्याच वर्षी आरसीए व्हिक्टर कंपनीने मिनिटाला ४५ फेऱ्यांची, एका बाजूला एखादेच गाणे मावणारी छोटी तबकडी काढली. एक-दोन सिंगल आधी सोडून अल्बमची हवा करण्याची पद्धत पुढे पॉप संगीतात रुळली.

लिहिणारा आणि गाणारा एकच, ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. नरसीच्या नामदेवांनी, गंगाखेडच्या जनाबाईंनी, पैठणच्या एकनाथांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले : ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’, ‘एका जनार्दनी’. शाहीर आणि भीमगीतांचे कवी हीच रीत पाळत आले. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येते आणि तेच गाणे दुसऱ्या कोणी म्हटले, तरी त्यालाही ते नाव उच्चारावेच लागते. छापील श्रेयाची गरजच पडत नाही, इतकी ही सोय पक्की आहे.

पुढे ‘कॅसेट काढणे’ आले. साठ मिनिटांच्या कॅसेटला दोन बाजू, एका बाजूला अर्धा तास. म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण आठ गाणी. शीर्षकगीत ए बाजूला पहिले. १४ एप्रिल जवळ आला की भीमगीतांचे संच निघत, नवरात्राच्या तोंडावर तुळजापूर आणि माहूरच्या देवींच्या गाण्यांचे. आठ गाण्यांत नव्या कवीला आपला आवाका दाखवता येई. एका गाण्यात तो दिसत नाही.

२०१६ नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि क्रम उलटला. आता आधी यूट्यूबवर सिंगल येते, अल्बम पुष्कळदा निघतच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलवरच्या व्हिडिओंमधूनच घरोघरी पोचला. कंपनीचा उंबरठा न झिजवता गाणे लोकांपर्यंत जाते, ही या बदलाची मोठी देणगी.

पण सुट्या गाण्याचा फटका कवीला बसतो. डीजे मिक्समध्ये मुखडा आणि फार तर एक अंतरा उरतो. कापले जाते ते शेवटचे कडवे, म्हणजे नेमके नाव असलेले. मग गाणे मिरवणुकीत गाजते आणि ते कोणी लिहिले हे विचारावे लागते. नाव गाण्यातून निघून व्हिडिओखालच्या मजकुरात जाते आणि तिथेही ते असेलच असे नाही.

कायद्याने मात्र २०१२ साली कवीची बाजू घेतली. प्रताधिकार कायद्यातील त्या वर्षीच्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या कर्त्याला रॉयल्टीचा, म्हणजे गाण्याच्या वापरातून येणाऱ्या पैशाचा, समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. एकरकमी पैसे घेऊन गाणे कंपनीला दिले, तरी हा हक्क सोडून देता येत नाही; तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो.