उन्हाळी सजावट आणि उन्हाची वाट

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शहर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य उत्तरेकडे सरकताना एकदा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परतताना पुन्हा एकदा, असा वर्षातून दोनदा हा योग येतो. त्या दिवशी उभ्या खांबाची सावली काही क्षण त्याच्याच पायाशी गोळा होते. घराच्या सजावटीच्या लेखात हे खगोलशास्त्र कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु कोणत्या खिडकीला कसला पडदा लावावा, गच्चीवर काय करावे आणि खर्च नेमका कुठे करावा, या प्रश्नांची उत्तरे सूर्याच्या या मार्गातूनच निघतात. बाजारात दिसणारी उन्हाळी सजावट बहुतेक वेळा रंगांवर बेतलेली असते: फिकट निळ्या उशा, पांढरे झिरझिरीत पडदे, भिंतीवर समुद्राचे चित्र. डोळ्यांना ते बरे वाटते, हे मान्य; मात्र आतल्या भिंतीला निळा रंग दिल्याने खोलीतल्या तापमापीचा पारा खाली येत नाही. उष्णता घरात ज्या वाटेने शिरते त्या वाटेत जी वस्तू उभी राहते, तिलाच उन्हाळ्याची सजावट म्हणावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सूर्य डोक्यावरून जात असल्याने मे महिन्यात दक्षिणेकडच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. थंडीत हीच खिडकी दिवसभर उन्हात असते, म्हणून तिथे जाड पडदा लावण्याची सवय अनेक घरांत असते आणि उन्हाळ्यातही तो तसाच राहतो. खरा त्रास पश्चिमेचा. दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंश उंचीवर असतो. तिरप्या उन्हाचा हिशोब केला तर त्या वेळी पश्चिमेच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर गच्चीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक थेट ऊन पडते. खिडकीवरचा दीड फुटी छज्जा त्याला अडवील, ही अपेक्षाही फोल आहे, कारण ३० अंशांवरून येणाऱ्या उन्हात असा छज्जा खिडकीच्या वरच्या जेमतेम दहा इंचांवर सावली धरतो. बाकीच्या खिडकीतून ऊन सरळ पलंगापर्यंत पोचते. चार फूट लांब आणि चार फूट उंच अशा एका खिडकीतून त्या वेळी पाचशे वॅटहून अधिक ऊर्जा आत येऊ शकते. थोडक्यात, पडद्यांसाठी मोजकेच पैसे असतील तर ते सगळे पश्चिमेला घालावेत. सकाळच्या उन्हामुळे पूर्वेचा क्रम दुसरा.

पडदा काचेच्या आत लावायचा की बाहेर, हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. सूर्यप्रकाशातील ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो आणि साध्या काचेतून प्रकाशाबरोबर तोही बराचसा आत येतो. आत आल्यावर तो पडद्यावर, फरशीवर, पलंगावर पडतो आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती मात्र बऱ्याच अधिक लांबीच्या तरंगांची असते आणि काच त्या तरंगांना पार होऊ देत नाही. म्हणजे आतला पडदा ऊन थांबवतो खरा, पण थांबवलेली बरीचशी उष्णता खोलीतच ठेवतो. तोच पडदा काचेच्या बाहेर असेल तर तो बाहेर तापतो आणि वारा त्याची उष्णता परस्पर घेऊन जातो. आतलाच पडदा हवा असेल, तर काचेकडची बाजू पांढरी असलेला निवडावा. निदान काही प्रकाश आल्या वाटेने परत तरी जाईल.

बाहेर लावण्यासाठी महागड्या वस्तूंची गरज नाही. बांबूच्या कामट्यांचे तट्टे, शेतीसाठी मिळणारी हिरवी शेडनेट, गुंडाळता येणारी चिक, यांपैकी काहीही चालते. फक्त ती वस्तू भिंतीला किंवा काचेला चिकटवून लावू नये. मध्ये वीतभर मोकळी जागा ठेवली आणि वरची बाजू उघडी सोडली, तर त्या फटीतली हवा तापून वर निघून जाते आणि खालून नवी हवा येत राहते. शेडनेट थेट पत्र्यावर अंथरणारे लोक याच बाबतीत फसतात: जाळी तापते आणि पत्रा तिच्याच स्पर्शाने तापतो.

सोलापुरी चादरीचा विचार येथे साहजिकच मनात येतो. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर घट्ट विणीची, जड आणि सुती असते, आणि जॅकार्डवर विणलेली तिची नक्षी दोन्ही बाजूंनी उलटसुलट रंगांत उमटते, त्यामुळे खिडकीत टांगली तर घरातूनही शोभते आणि रस्त्यावरूनही. जुन्या माणसांना अंथरायची चादर खिडकीला लावणे पटणार नाही आणि अतिनील किरणांनी तिचे रंग लवकर उतरतील हेही खरे. नवी चादर त्यासाठी खर्ची घालू नये, वापरून विरलेली मात्र जरूर लावावी. पलंगावर आणि दिवाणावर सुती कापडच का, याचे उत्तर धाग्यात आहे. प्रमाणित हवामानात कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरून ठेवतो, पॉलिस्टरला अर्धा टक्काही जमत नाही. घाम सुती कापडात शिरतो, पसरतो आणि उडून जातो. पॉलिस्टरच्या चकचकीत अभ्र्यावर तो कातडी आणि कापड यांच्यामध्येच राहतो. उन्हाळ्यासाठी म्हणून विकले जाणारे कित्येक हलके, फुलाफुलांचे संच पॉलिस्टरचे असतात, तेव्हा नक्षीआधी चिठ्ठी वाचावी.

गच्चीला सजावट म्हणण्याची पद्धत नाही, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी. निरभ्र मध्यान्ही आडव्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट ऊर्जा पडत असते. काँक्रीटचा चार-पाच इंची स्लॅब ती शोषतो आणि तीन-चार तासांनी खालच्या बाजूला पोचवतो. दुपारी ठीक असलेली खोली सायंकाळी भट्टी का होते आणि पंखा गरम हवा का फेकतो, याचे कारण हा उशीर आहे. सोलापूर आणि मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळया-फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. त्यातून उष्णता उतरायला इतका वेळ लागे की ती आत पोचेपर्यंत बाहेर रात्र होई आणि माणसे गच्चीवर झोपायला गेलेली असत. नव्या घरावर मातीचा तसा थर चढवता येत नाही, चुन्याचा हात मात्र देता येतो. भिजवलेला चुना गाळून, थोडा डिंक घालून कुंच्याने दोन हात दिले की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि हे पांढरेशुभ्र कण अंगावर पडलेल्या उन्हाचा ७० ते ८० टक्के भाग परतवतात. चुन्याचा दुसरा गुण कमी परिचित आहे: जी काही उष्णता तो शोषतो, ती आकाशाकडे सहज उत्सर्जितही करतो. चकचकीत पत्र्याला हे दुसरे काम नीट जमत नाही, म्हणूनच उन्हात चमकणारा पत्राही हात भाजण्याइतका तापतो. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या पसरण्याची गावाकडची रीत शास्त्राला धरून आहे. ताटांच्या आत आणि मध्ये अडकलेली स्थिर हवा काँक्रीटच्या मानाने उष्णता सुमारे पन्नासपट कमी वाहू देते. कडबा पेट घेतो ही त्यातली अडचण, तेव्हा चूल, धुराडे किंवा उघड्या वायरींजवळ तो घालूच नये.

घरात शहाबादी फरशी असेल तर उन्हाळ्याच्या सजावटीचे निम्मे काम झालेले आहे. फक्त गालिचे आणि सतरंज्या उचलायच्या. एकाच खोलीतल्या फरशीचे आणि लाकडी पाटाचे तापमान सारखे असले तरी फरशी गार लागते, कारण दगड पायाची उष्णता चटकन ओढून घेतो. अट एवढीच की फरशी त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३३-३४ अंशांपेक्षा, थंड असावी. तळमजल्यावर जमिनीशी जोडलेली फरशी बहुधा तशी राहते. वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या उन्हात सापडलेली फरशी राहत नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण सोलापूरच्या कोरड्या हवेची खरी देणगी तिथे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते आसपासची सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेते. हवा जितकी कोरडी तितके हे काम सोपे. बाहेर ४२ अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर केवळ बाष्पीभवनाने पाण्याचे तापमान सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणजे तब्बल १८ अंशांची घट. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा साधारण साडेअठ्ठावीस अंशांवर येऊन थांबते. मुंबईच्या घरासाठी लिहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

माठ ही त्या १८ अंशांचा फायदा घेणारी सर्वांत देखणी वस्तू आहे. भाजलेल्या मातीतल्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, पृष्ठभागावर उडते आणि आतले पाणी गार होते. त्यासाठी माठाभोवती वारा खेळला पाहिजे. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या माठापेक्षा खिडकीतल्या सावलीत, तिवईवर ठेवलेला माठ अधिक चांगले काम करतो, आणि तिथे तो शोभतोही. अलीकडे तैलरंगाने रंगवलेले, वार्निश मारलेले माठ मिळतात. रंगाच्या थराने छिद्रे बुजतात आणि असा माठ पाणी साठवतो, गार करत नाही. नक्षी हवीच असेल तर गेरू आणि खडूची, तीही मोजकी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने हीच छिद्रे हळूहळू बुजतात. दोन उन्हाळे वापरलेल्या माठाच्या पोटावर पांढरट पट्टे दिसू लागतात आणि त्या जागी बोट लावले तर ती कोरडी लागते. नारळाच्या शेंडीने बाहेरून घासल्यास काही छिद्रे मोकळी होतात, साबण मात्र लावू नये.

वाळ्याचा पडदाही याच तत्त्वावर चालतो. मुळांच्या दाट जाळीमुळे पाण्याला खूप मोठा पृष्ठभाग मिळतो, त्यातून येणारी झुळूक गार होते आणि सुगंध वेगळाच. वाळा नसेल तर खिडकीत ओला सोलापुरी टॉवेल टांगावा; त्याच्या उभ्या सुती फाशांमुळे सपाट कापडापेक्षा कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो आणि तो पाणीही भरपूर धरतो. त्यातून तासाभरात एक लिटर पाणी उडाले तर सरासरी साडेसहाशे वॅटहून अधिक उष्णता शोषली जाते. समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि बाष्पीभवनच मंदावते. कूलर लावून दारे-खिडक्या बंद करणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते.

याउलट, बैठकीत पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेवून त्यावर मोगऱ्याची फुले तरंगत ठेवली, तर शोभेपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. बारा तासांत त्यातले अर्धा लिटर पाणी उडाले असे धरले, तरी सरासरी थंडावा तीस वॅटच्या आतच भरतो आणि स्वस्थ बसलेला एक माणूस शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असतो. ठेवायला हरकत नाही, पण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात आधीच साठवणुकीची भांडी भरपूर असतात, आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे आणि काढलेले कुंडीत घालावे.

कुंड्यांबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. झाड पानांतून बाष्प सोडते आणि त्याने हवा गार होते, हे अंगणातल्या कडुनिंबाला लागू आहे. खोलीतल्या अपुऱ्या प्रकाशात पर्णरंध्रे फारशी उघडत नाहीत. त्यातही उन्हाळ्यासाठी सर्वाधिक सुचवली जाणारी कोरफड आणि स्नेक प्लांट ही झाडे पाणी वाचवण्यासाठी रंध्रे प्रामुख्याने रात्री उघडतात. भर दुपारी त्यांच्याकडून गारव्याची अपेक्षा करणे त्यांच्या स्वभावाविरुद्ध आहे. कमी पाण्यात ती तग धरतात, एवढ्यासाठी जरूर ठेवावीत. गारवाच हवा असेल तर वेल बाहेर लावावा. पश्चिमेच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर तारा ताणून त्यावर मधुमालती किंवा गारवेल चढवला, तर तो सावली देतो, स्वतः बाष्प सोडतो आणि भिंतीलगतची हवाही खेळती ठेवतो. यंदा लावलेला वेल यंदाच्या मे महिन्यात उपयोगी पडणार नाही, एवढा धीर मात्र धरावा लागतो.

दिव्यांच्या माळांविषयी फार लिहिण्याची गरज नाही: एलईडी असतील तर लावाव्यात, जुने पिवळे बल्ब असतील तर काढावेत, कारण दिव्याने घेतलेली जवळजवळ सारी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उरते.

मे महिन्यात सोलापुरात दिवसाच्या आणि पहाटेच्या तापमानात साधारण पंधरा अंशांचा फरक असतो. तो वापरण्यासाठी सजावट हलती असावी लागते. सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या बंद करून बाहेरचे तट्टे सोडायचे आणि दुपारी लागेल तेवढीच ओल्या पडद्याची खिडकी उघडायची. रात्री सगळे गुंडाळून आरपार वारा येऊ द्यायचा, म्हणजे दिवसभर तापलेल्या भिंती रिकाम्या होतात. कायमचे ठोकून बसवलेले पडदे येथे अडथळाच ठरतात.

जूनमध्ये मृगाचे ढग आले की हा सारा हिशोब बदलतो. आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर गेल्यावर ओल्या टॉवेलातून पाणी उडेनासे होते, वाळ्याला कुबट वास येऊ लागतो आणि माठातले पाणी जेमतेमच गार होते. तेव्हा वाळा कडक उन्हात एक दिवस वाळवून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकावा. पश्चिमेचे तट्टे मात्र आणखी काही आठवडे राहू द्यावेत, कारण पावसाने उघडीप दिली की ऊन त्याच दिशेने येणार असते.