जुन्या ब्रिटिश गाडीचं वायरिंग: मागची गोष्ट

सोलापूर परिसरात वाड्याच्या ढेलजेत किंवा शेतावरच्या पत्र्याच्या शेडखाली अजूनही एखादी बीएसए, ट्रायम्फ, नाहीतर जुनी बुलेट मोटरसायकल धूळ खात उभी असते. इंजिन खटपट केली की मोकळं होतं, घोडं अडतं ते वायरिंगवर. हेडलाइट उघडलं की वायरींवरचं काळं पडलेलं सुती विणकाम दिसतं. नख लावलं तर आतलं रबर भुसभुशीत होऊन गळतं आणि हिरवट तांबं उघडं पडतं. त्यावर घरातल्या फिटिंगच्या वायरीचे तुकडे आणि टेपचे थर. हे सगळं कापून टाकायच्या आधी मूळ मांडणी काय होती आणि का होती, ते कळायला हवं.

या गाड्यांची विजेची सामग्री बहुतेक बर्मिंगहॅमच्या लुकासची. रॉकेलचे दिवे विकणाऱ्या जोसेफ लुकास यांच्या धंद्यातून ही कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाआधी आणि नंतरही काही वर्षं बऱ्याच गाड्यांत ठिणगीसाठी मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारं यंत्र) आणि दिव्यांसाठी बॅटरी चार्ज करणारा डायनामो अशी वेगवेगळी व्यवस्था असे. मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही. बॅटरी पार उतरली तरी गाडी किकवर सुरू होते, फक्त दिवे आणि हॉर्न चालत नाहीत. मात्र मॅग्नेटो बंद करायच्या वायरीला बॅटरीचा करंट चुकूनही लागू द्यायचा नाही.

डायनामो ६ व्होल्टचा. त्यातला नंतरचा, जरा दमदार, ६० वॅटचा, म्हणजे जेमतेम १० अँपिअर. खरी अडचण इथेच आहे. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर पुरतात, ६ व्होल्टवर दुप्पट लागतात. बारीक वायर किंवा गंजलेल्या जोडात अर्धा व्होल्ट गेला, तर १२ व्होल्टच्या गाडीला फारसं जाणवत नाही. ६ व्होल्टच्या दिव्याचा उजेड मात्र पाव हिश्श्याने उतरतो. लुकासला अंधाराचा राजा म्हणून हिणवलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. निम्मा दोष जोडांचा असतो.

१९५३ मध्ये ट्रायम्फच्या स्पीड ट्विन मॉडेलला डायनामोऐवजी अल्टरनेटर (एसी वीज तयार करणारं यंत्र) आला आणि साठच्या दशकात १२ व्होल्ट रुळले. जास्तीची वीज झेनर डायोड उष्णतेत रूपांतरित करून सोडून द्यायचा, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्यावर, वारा लागेल असा बसवत. आज त्याच्या जागी एकत्रित रेग्युलेटर-रेक्टिफायर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा आणि एसीचं डीसी करणारा भाग) बसवणं चांगलं. फ्यूज पूर्वी नसायचाच. पुढे आला तोही बॅटरीजवळ एकच. तो मात्र जरूर घाला.

त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला असे. आपल्याकडचा मिस्त्री सवयीने निगेटिव्ह फ्रेमला लावतो आणि रेक्टिफायर जळतो. हाच सगळ्यात महागात पडणारा घोळ.

बुलेटची कहाणी थोडी वेगळी. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली. इंग्लंडात रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण इकडे बुलेट बनतच राहिली. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही मिळतात, आणि आपल्याकडच्या मिस्त्रींचा हातही तिच्यावरच बसलेला असतो.

मूळ मांडणीत परतीचा करंट फ्रेमच्या लोखंडातूनच जायचा. आता गाडी नवी करताना फ्रेमला पावडर कोटिंग करतात. ते दिसतं सुंदर, पण वीज अडवतं. म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, रेग्युलेटरला स्वतंत्र अर्थची वायर ओढून बॅटरीपर्यंत आणावी. हा फेरफार मूळ नकाशात नाही म्हणून नाक मुरडणारे आहेत. मला तो आवश्यकच वाटतो.

आणि सोलापूरचं ऊन. मॅग्नेटोच्या गुंडाळीवरचा जुना लाखेचा लेप गरम झाला की मऊ पडतो, थकलेला कंडेन्सरही तापल्यावरच दगा देतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहिल्या किकला सुरू झालेली गाडी मे महिन्याच्या दुपारी बंद पडते, आणि दोष नव्या वायरिंगवर येतो. तेव्हा हिवाळ्यात काम उरकलं, तरी गाडी उन्हात नेऊन इंजिन चांगलं तापू द्यावं, बंद करावं आणि तापलेली असतानाच पुन्हा किक मारून पाहावी.