आजेगुरूंनी नाकारलेला विद्यार्थी

१९२० सालची गोष्ट. म्युनिक विद्यापीठात नुकताच दाखल झालेला अठरा वर्षांचा एक मुलगा गणिताच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांना भेटायला गेला. वडील त्याच विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक होते, भेट त्यांनीच ठरवून दिली होती. मुलाची मागणी जरा आगाऊच होती. पहिल्याच सत्रात त्याला वरच्या विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात बसायचं होतं. प्राध्यापकांच्या टेबलावर एक छोटंसं कुत्रं अंग चोरून बसलेलं. मुलगा बोलू लागला तसं ते भुंकायला लागलं, ते काही केल्या थांबेना. त्या गोंगाटातच प्राध्यापकांनी विचारलं, अलीकडे काय वाचलंस? मुलाने गणितज्ञ हर्मान वाइल यांच्या सापेक्षतेवरच्या पुस्तकाचं नाव सांगितलं. मग गणिताच्या दृष्टीने तू वाया गेलास, असं म्हणून त्यांनी भेट संपवली.

मुलगा वेर्नर हायझेनबर्ग. प्राध्यापक फर्डिनांड फॉन लिंडेमान. १८८२ मध्ये पाय या संख्येविषयीचा एक खोल गुणधर्म सिद्ध करून, वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस कंपास-पट्टीने काढण्याचा दोन हजार वर्षांचा खटाटोप ज्यांनी कायमचा निकालात काढला, तेच हे लिंडेमान. तिथून हिरमुसून निघालेला हायझेनबर्ग भौतिकशास्त्राच्या आर्नोल्ड सॉमरफेल्ड यांच्याकडे गेला. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. पाच वर्षांनी, १९२५ मध्ये, याच मुलाने पुंजयामिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) पाया घातला.

आता गंमत अशी, की सॉमरफेल्ड यांना १८९१ मध्ये क्योनिग्सबर्गला डॉक्टरेट मिळाली ती लिंडेमान यांच्याच मार्गदर्शनाखाली. म्हणजे ज्यांनी मुलाला दारातून परत पाठवलं, ते त्याचे आजेगुरूच निघाले.

वैज्ञानिकांच्या अशा वंशावळी काढण्याचा छंद बऱ्याच जणांना असतो. रक्ताच्या नात्याऐवजी इथे डॉक्टरेटचं नातं धरायचं: मार्गदर्शक म्हणजे पिता किंवा माता, मार्गदर्शकाचे मार्गदर्शक म्हणजे आजोबा, असं वर चढत जायचं. साधनं साधीच असतात. शोधप्रबंधाचं पहिलं पान, त्यातले ऋणनिर्देश, परीक्षकांच्या सह्या, विद्यापीठाच्या पदवीनोंदी, पत्रव्यवहार. १९९०च्या दशकात हॅरी कून्स या अमेरिकी गणितज्ञाने गणितातल्या डॉक्टरेटची अशी नोंदवही सुरू केली. ती आता नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठात सांभाळली जाते, आणि तिच्यात तीन लाखांहून जास्त नावं आहेत. गणित आणि भौतिकशास्त्र शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एकाच घरात नांदत असल्यामुळे भौतिकशास्त्रज्ञही तिच्यात भरपूर सापडतात.

हायझेनबर्ग यांची शिडी त्या नोंदींप्रमाणे अशी चढते: सॉमरफेल्ड, लिंडेमान, फेलिक्स क्लाइन, युलियस प्लुकर, क्रिस्टियान गेर्लिंग, आणि मग थेट गणितातले दिग्गज कार्ल फ्रीडरिश गाउस. कागदावर ही यादी भारदस्त दिसते. प्रत्येक पायरीवर थोडं थांबलं, की मात्र तिचं खरं रूप कळायला लागतं.

सॉमरफेल्ड आणि लिंडेमान यांच्यातला दुवा कागदोपत्री पक्का आहे. पण डॉक्टरेटनंतर सॉमरफेल्ड गॉटिंगेनला गेले, क्लाइन यांचे सहायक झाले, आणि भौतिकशास्त्रातल्या प्रश्नांना गणिताने कसं भिडायचं हे तिथे शिकले. भोवऱ्याच्या गतीवर दोघांनी मिळून चार खंडांचा ग्रंथ लिहिला. सॉमरफेल्ड स्वतः आपलं खरं गुरुपद क्लाइन यांनाच देत. वंशावळीत क्लाइन आजोबा ठरतात, प्रत्यक्षात बापाची जागा त्यांनी घेतली होती.

त्याच्या वरची पायरी तर आणखी विचित्र आहे. क्लाइन यांचा जन्म १८४९चा, त्यांचे ‘शिष्य’ लिंडेमान यांचा १८५२चा. पिढी म्हणावी तर अंतर तीन वर्षांचं! हे घडलं ते एका मृत्यूमुळे. लिंडेमान शिकत होते गॉटिंगेनला, आल्फ्रेड क्लेब्श यांच्या हाताखाली. १८७२ मध्ये क्लेब्श घटसर्पाने अचानक गेले, वयाच्या चाळिशीच्या आतच. त्याच सुमारास क्लाइन अवघ्या तेविसाव्या वर्षी एर्लांगेनला प्राध्यापक झाले होते. लिंडेमान त्यांच्याकडे गेले आणि १८७३ मध्ये तिथली पदवी घेतली. क्लेब्श आणखी वर्षभर जगले असते तर हायझेनबर्ग यांची अख्खी वंशावळ दुसऱ्याच वाटेने गेली असती, आणि त्याने भौतिकशास्त्रात तसूभरही फरक पडला नसता.

प्लुकर आणि क्लाइन यांच्यामध्येही मृत्यू आहेच. प्लुकर हा माणूस मला या सगळ्या यादीत सर्वांत आवडतो. सुरुवात भूमितीने केली, मग बरीच वर्षं भूमिती बाजूला ठेवून ते प्रयोगशाळेत रमले. काचेच्या नळीतली हवा जवळजवळ काढून टाकायची, तिच्यातून वीज सोडायची आणि आत काय चमकतं ते पाहायचं. १८५८ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की नळीच्या काचेवर पडणारी चमक चुंबक जवळ नेला की सरकते. इलेक्ट्रॉनच्या शोधाकडे जाणारा रस्ता इथून सुरू होतो. तरुण क्लाइन १८६६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले, तेव्हा त्यांना स्वतःला भौतिकशास्त्रज्ञच व्हायचं होतं. पण प्लुकर तोवर पुन्हा भूमितीकडे वळले होते. १८६८च्या मेमध्ये ते वारले. क्लाइन यांची डॉक्टरेट झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि गुरूंचा अर्धवट राहिलेला भूमितीचा ग्रंथ पुरा करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. भौतिकशास्त्रज्ञ होऊ पाहणारा मुलगा त्या कामात पुरता गणितज्ञ झाला.

गेर्लिंग यांच्या दुव्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्लुकर बॉन, हायडेलबर्ग, बर्लिन, पॅरिस असे फिरत शिकले, पदवी मात्र मारबुर्गची, आणि मारबुर्गला गेर्लिंग होते, एवढंच. गेर्लिंग हे भूमापन आणि खगोलशास्त्रातले, गाउस यांचे विद्यार्थी आणि पुढे आयुष्यभर त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवणारे स्नेही. तो दुवा पक्का.

गाउस यांच्या गुरूंचं काय? नोंद सांगते, योहान फ्रीडरिश फाफ, हेल्मश्टेट, १७९९. शिकले होते गाउस गॉटिंगेनला. पण शिष्यवृत्ती देणाऱ्या ब्राउनश्वाइगच्या ड्यूकची इच्छा होती, की पदवी आपल्या मुलखातल्या विद्यापीठाची असावी. म्हणून प्रबंध हेल्मश्टेटला गेला. तोंडी परीक्षा माफ झाली, पदवी गैरहजेरीतच मिळाली. बीजगणिताच्या मूलभूत प्रमेयावरचा तो प्रबंध गाउस यांनी कोणाचं बोट धरून लिहिलेला नव्हता. फाफ यांचे मार्गदर्शक अब्राहम केस्टनर. त्यांच्या वर्गात गाउस गॉटिंगेनला बसलेले होते, आणि केस्टनर हे गणितज्ञांत उत्तम कवी आणि कवींत उत्तम गणितज्ञ, अशी त्यांची टर उडवत, असं सांगितलं जातं.

असं हे घराणं. असंच वर चढत गेलं तर पुष्कळांची वंशावळ गाउस, ऑइलर किंवा लाइबनिट्स यांच्यापैकी कोणालातरी भेटतेच, आणि त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. साधा हिशोब करू. समजा प्रत्येकाचे सरासरी दोन गुरू धरले, तर दहा पिढ्या वर गेल्यावर हजाराहून जास्त पूर्वज व्हायला हवेत. पण सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात गणित शिकवणारे मोजकेच होते, आणि ज्यांचे विद्यार्थी पुढे प्राध्यापक झाले असे त्याहून कमी. साऱ्या रेषा त्याच थोड्या लोकांपाशी जाऊन मिळणार. गाउस पूर्वज असणं ही आजच्या संशोधकाची गुणवत्ता नाही, ते एका अरुंद वाटेचं लक्षण आहे.

जवळच्या एक-दोन पिढ्यांची गोष्ट वेगळी. समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी अमेरिकेत संशोधन करून १९७२ पर्यंत नोबेल मिळवलेल्या ९२ वैज्ञानिकांचा अभ्यास केला. त्यातल्या ४८ जणांनी आधीच्या नोबेलविजेत्यांच्या हाताखाली विद्यार्थी किंवा कनिष्ठ सहकारी म्हणून काम केलं होतं. आकडा मोठा आहे, पण त्याचा अर्थ लावताना जपायला हवं. हुशार मुलं चांगल्या प्रयोगशाळा हेरून तिथे जातात, चांगले प्रमुखही हुशार मुलं हेरून घेतात. शिकवण किती आणि निवड किती हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय नोबेल समितीला नावं कोण सुचवतं? बऱ्याचदा आधीचे विजेतेच.

सॉमरफेल्ड यांचं उदाहरण याच जागी फार बोलकं आहे. डिबाय, पाउली, हायझेनबर्ग, बेथे या त्यांच्या चार डॉक्टरेट विद्यार्थ्यांना नोबेल मिळालं. त्यांना स्वतःला कधीच नाही, नामांकनं मात्र ८४ वेळा झाली. मग त्यांच्याकडून पुढच्यांना मिळालं काय? माझ्या मते, प्रश्न. आपण ज्याच्याशी झटतो आहोत तोच प्रश्न ते कोवळ्या विद्यार्थ्यापुढे टाकत. हायझेनबर्ग यांना पहिल्याच सत्रात त्यांनी चुंबकीय क्षेत्रात अणूंच्या प्रकाशातल्या वर्णरेषा कशा फुटतात याची ताजी निरीक्षणं दिली, ज्यांचा उलगडा तेव्हा कोणालाच झालेला नव्हता. मुलाने पुंजांक, म्हणजे अणूच्या अवस्था दाखवणारे आकडे, पूर्णांकांऐवजी अर्धे धरून ती बसवली. सॉमरफेल्ड हादरले, पण त्याला गप्प केलं नाही. सुट्टीत डोंगरातल्या त्यांच्या झोपडीवर स्कीइंगला जायचं, तिथेही हेच बोलणं.

शिकवणीतल्या फटीही वारशाने येतात. १९२३ च्या जुलैमध्ये हायझेनबर्ग यांची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा झाली. प्रबंध होता द्रवाच्या प्रवाहातल्या खळबळीवर, पूर्ण सैद्धांतिक. परीक्षकांत प्रायोगिक भौतिकशास्त्राचे विल्हेल्म वीन होते. सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता कशी काढायची, म्हणजे दोन जवळचे बिंदू वेगळे कुठवर दिसतात, हे त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही. वीज साठवणारी बॅटरी कशी चालते? तेही नाही. वीन नापास करायच्या बेतात होते. सॉमरफेल्ड यांनी दिलेल्या वरच्या श्रेणीमुळे कशीबशी तिसऱ्या दर्जाची श्रेणी मिळाली. चार वर्षांनी अनिश्चिततेच्या तत्त्वाचा, म्हणजे कणाचं स्थान आणि वेग एकाच वेळी अचूक कळू शकत नाहीत याचा, शोधनिबंध लिहिताना हायझेनबर्ग यांनी एक काल्पनिक सूक्ष्मदर्शक वापरला, आणि नेमकी त्याच्या विभेदनक्षमतेत गफलत केली. ती दाखवून दिली डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी.

बोर हे हायझेनबर्ग यांच्या अधिकृत वंशावळीत कुठेच नाहीत. गॉटिंगेनचे भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्नही नाहीत. सॉमरफेल्ड यांच्याकडून आशावाद, गॉटिंगेनकरांकडून गणित आणि बोर यांच्याकडून भौतिकशास्त्र शिकलो, अशा अर्थाचं हायझेनबर्ग यांचं बोलणं प्रसिद्ध आहे. त्यातला तिसरा भाग गाळला तर उरतं काय? म्हणून शोधप्रबंधाचं पहिलं पान पाहून झालं, की माणूस त्यानंतरची दोन-तीन वर्षं कुठे होता हेही पाहावं. पुष्कळदा खरा गुरू तिथे सापडतो.

आता शिडीवरून खाली उतरू. हायझेनबर्ग पंचविसाव्या वर्षी लाइपझिगला प्राध्यापक झाले. त्यांचे पहिले डॉक्टरेट विद्यार्थी फेलिक्स ब्लॉख, त्यांच्या पाठोपाठ रुडॉल्फ पायर्ल्स. पायर्ल्स यांनी म्युनिकला सॉमरफेल्ड यांच्याकडे सुरुवात केली. सॉमरफेल्ड जगाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा ते लाइपझिगला आले. मग हायझेनबर्ग अमेरिकेला निघाले, तेव्हा हे झुरिकला पाउली यांच्याकडे गेले. स्फटिकांतल्या उष्णतावहनाचा प्रश्न पाउली यांनी दिला, प्रबंध १९२९ मध्ये लाइपझिगला मंजूर झाला. नोंदीत एक नाव, प्रत्यक्षात तिघं, आणि तिघंही एकाच म्युनिकचे.

पायर्ल्स पुढे इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅमला त्यांच्या विभागातून १९५६ मध्ये डॉक्टरेट घेणाऱ्यांत जॉन बेल होते. पुंजयामिकीचा बोर आणि हायझेनबर्ग यांनी लावलेला अर्थ त्यांना कधीच पटला नाही. १९६४ मध्ये त्यांनी एक गणिती असमानता मांडली, तिच्यामुळे हा वाद प्रयोगाने तपासता येण्याजोगा झाला. त्या प्रयोगांना २०२२चं नोबेल मिळालं. प्रयोगांचे निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागले, बेल यांची अस्वस्थता मात्र अजून अनेकांना सतावते.

पायर्ल्स त्याआधी केंब्रिजला असताना, पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला फ्रेड हॉइल हा विद्यार्थी त्यांच्याकडे होता. १९३७ मध्ये पायर्ल्स बर्मिंगहॅमला गेले, आणि अखेर हॉइल यांचे अधिकृत मार्गदर्शक झाले भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक. मार्गदर्शकाला विद्यार्थी नको होता, विद्यार्थ्याला मार्गदर्शक नको होता, त्यामुळे दोघांचं छान जमलं, असा हा किस्सा सांगतात. हॉइल यांनी डॉक्टरेट घेतलीच नाही. त्यांच्या हाताखाली १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळवली जयंत नारळीकर यांनी.

आता नारळीकरांची वंशावळ काढा. हॉइल यांच्यापाशी रस्त्याला दोन फाटे फुटतात. पायर्ल्स यांचा फाटा धरला तर हायझेनबर्ग, क्लाइन, गाउस असं करत अठराव्या शतकात पोहोचता. डिरॅक यांचा धरला तर वर आहेत राल्फ फाउलर, आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, कारण केंब्रिजने पीएच.डी. सुरू केली ती पहिल्या महायुद्धानंतर. हॉइल यांच्यासाठी पदवीचा नियम सैल केला, पण इथे अधिकृत मार्गदर्शकही नाही, म्हणून रेषा तिथेच संपते. फाउलर यांना कोणीतरी गुरू हवाच असा हट्ट धरला, तर युद्धकाळात त्यांनी ज्यांच्या हाताखाली विमानविरोधी तोफांच्या माऱ्यावर संशोधन केलं त्या ए. व्ही. हिल यांचं नाव पुढे येतं. हिल यांना १९२२चं नोबेल मिळालं ते वैद्यकशास्त्रातलं, स्नायूंमध्ये उष्णता कशी निर्माण होते या कामासाठी.