क्यूआर कोडाच्या स्कॅनची मोजणी आली कुठून?

पत्रकावरचा क्यूआर कोड किती जणांनी स्कॅन केला, हे आज फुकटच्या साधनांवरही कळतं. त्यामुळे मोजायची सोय कोडातच असते असा अनेकांचा समज होतो. पण त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाला आपल्यासमोर कोण उभं आहे याचा काहीच पत्ता नसतो. मोजणी त्याला नंतर चिकटली, तीही वेगळ्याच घराण्यातून.

हा कोड 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला घडवला. बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावत, यात 7,089 अंकांपर्यंत मजल गेली. कंपनीने पेटंट घेतलं, पण प्रमाणित कोड वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. आज कोणीही फुकट कोड बनवू शकतो तो त्यामुळेच. कारखान्यात स्कॅनरही कंपनीचा आणि संगणकही कंपनीचा, म्हणून हिशेबाची अडचण नव्हती. अनोळखी माणसाच्या मोबाइलमधून स्कॅन होऊ लागला तेव्हा ती आली.

तोवर इंटरनेटवर लांबलचक पत्ते आखूड करून देणाऱ्या सेवा निघाल्या होत्या: 2002 मध्ये टायनीयूआरएल, 2008 मध्ये बिटली. एसटी वाटेतल्या स्थानकात शिरते, वाहक कंट्रोलरकडे नोंद करून येतो आणि गाडी पुढे निघते, तसंच इथे घडतं. छोटी लिंक आधी त्या सेवेच्या सर्व्हरवर जाते. तिथे वेळ, फोनचा प्रकार आणि आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून) अंदाजे ठिकाण टिपलं जातं, मग माणूस खऱ्या पानावर पोचतो. अशी लिंक कोडात घातली की स्कॅन मोजता येतात. ‘डायनॅमिक’ कोड म्हणतात तो हाच. छापील कोड न बदलता पुढचा पत्ता बदलता येतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

गूगलने 2009 मध्ये आणलेल्या ‘गू डॉट जीएल’ या अशाच सेवेने हे काम फारच सोपं केलं. छोट्या लिंकच्या शेवटी ‘डॉट क्यूआर’ जोडलं की कोड तयार, आकडेही फुकट. 2019 मध्ये तिथे नव्या लिंका बनवणं बंद झालं. मधला सर्व्हर दुसऱ्याचा असला की कोडाचं आयुष्यही त्याच्याच हाती, हे एखाद्या सेवेच्या फुकट चाचणीच्या मुदतीत डायनॅमिक कोड छापून घेणाऱ्यांच्या उशिराच ध्यानात येतं.

मोजणीची दुसरी वाट अर्चिन या, संकेतस्थळांवरच्या भेटी मोजणाऱ्या अमेरिकी कंपनीची. गूगलने ती 2005 मध्ये विकत घेतली आणि त्यातून गूगल अॅनालिटिक्स हे भेटी मोजायचं साधन उभं राहिलं. लिंकच्या शेपटाला लावायच्या ‘यूटीएम’ खुणांमधला ‘यू’ या अर्चिनचाच. आपल्याच संकेतस्थळाच्या पत्त्याला ‘पत्रक’, ‘फलक’ अशा वेगळ्या खुणा लावून वेगळे कोड छापले, तर कुठून किती जण आले ते मधल्या सेवेशिवाय कळतं. माझ्या मते छोट्या धंद्याला एवढं पुरतं. फक्त ही मोजणी पान उघडल्यावर सुरू होते; रेंज नाही म्हणून वैतागून कोणी आधीच मागे फिरला तर तो हिशेबात येत नाही.

आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारा यूपीआयचा कोड यात मोडत नाही. त्यात वेबपान नसतं. दुकानदाराला जमा झालेले पैसे दिसतात, नुसता स्कॅन नाही.