दातांवरील काळे डाग

दातांच्या पृष्ठभागावर, दाढांच्या खाचांत, दोन दातांमधील फटीत किंवा हिरडीलगत दिसणाऱ्या तपकिरी, करड्या वा काळ्या रंगाच्या ठिपक्यांना आणि रेषांना सर्वसाधारणपणे ‘काळे डाग’ म्हटले जाते. हे एका रोगाचे नाव नव्हे. वरून चढलेला रंग, दात घडताना राहिलेला दोष, जुनी इजा आणि दातकीड या वेगवेगळ्या गोष्टी आरशात सारख्याच दिसू शकतात. डाग जितका काळा तितकी कीड खोल, हा समज तर बऱ्याचदा वस्तुस्थितीच्या उलट असतो.

दाताच्या बाहेरील कठीण आवरणावर, म्हणजे एनॅमलवर, लाळेतील प्रथिनांचा एक अतिशय पातळ थर सतत असतो. चहा, कॉफी आणि तंबाखूतील रंगद्रव्ये या थराला चिकटतात. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेला माउथवॉश काही आठवडे वापरल्यास किंवा लोहाचे पातळ औषध घेतल्यासही तपकिरी वा काळपट छटा येते. काही मुलांच्या दातांवर हिरडीला समांतर काळी रेघ उमटते. तोंडातील विशिष्ट जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड आणि लाळेतील लोह यांच्या संयोगातून ती बनते आणि स्वच्छ केल्यावरही पुन्हा येऊ शकते. ती दिसायला भीतीदायक असली तरी कीड नव्हे. हिरडीखाली साचलेले कीटण मात्र रक्तातील रंगद्रव्यांमुळे काळपट-हिरवे होते, ते ब्रशने निघत नाही आणि हिरड्यांच्या आरोग्यासाठी ते काढून घ्यावेच लागते.

आतून येणारे डाग घासून जात नाहीत. वयाच्या आठ वर्षांपर्यंत टेट्रासायक्लीन गटातील औषधे दिल्यास घडत असलेल्या कायमच्या दातांवर पिवळे ते करडे-तपकिरी पट्टे उमटू शकतात. याच वयात पिण्याच्या पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेल्यास पांढरे किंवा तपकिरी ठिपके येतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने 1901 पासून अशा तपकिरी दातांचा पाठपुरावा केला आणि 1931 मध्ये पाण्यातील फ्लोराइड हे त्यांचे कारण असल्याचे स्पष्ट झाले. हे डागाळलेले दात मात्र सहजासहजी किडत नव्हते. मार लागल्यानंतर एकच दात करडा पडू लागला, तर आतील मगज (नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ भाग) निकामी झाल्याची शंका घ्यावी लागते, मग दुखत नसले तरी.

दातकिडीची सुरुवात काळ्या रंगाने होत नाही. जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात, आम्लतेचा निर्देशांक (pH, जो घटणे म्हणजे आम्लता वाढणे) सुमारे 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात आणि लाळेने ती आम्लता ओसरली की काही खनिजे परत बसतात. ही देवघेव दीर्घकाळ तोट्यात राहिली की प्रथम निस्तेज, खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर पृष्ठभाग फुटलेला नसल्याने स्वच्छता, साखरेवर मर्यादा आणि फ्लोराइड यांच्या जोरावर कीड थांबवता येते. सच्छिद्र झालेल्या भागात रंगद्रव्ये शिरून तो तपकिरी होतो आणि पुढे खनिजे परत भरली तरी रंग आतच राहतो. म्हणूनच कठीण, चकचकीत, गडद डाग हा अनेकदा थांबलेल्या किडीचा व्रण असतो, तर मऊ, खरखरीत आणि फिकट तपकिरी भागात कीड चालू असते. दाढांच्या खाचेतील बारीक काळी रेष वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहू शकते. वरचे एनॅमल शाबूत वाटत असताना त्याखालून झळकणारी करडी सावली अधिक गंभीर समजावी, कारण एनॅमलच्या आतील डेंटिन तुलनेने मऊ असते आणि कीड तेथे आडवी पसरते.

तपासणीसाठी दात स्वच्छ करून कोरडा करणे आवश्यक असते. दोन दातांमधील कीड क्ष-किरणचित्राशिवाय अनेकदा कळत नाही. टोकदार सळई डागात जोराने रुतवण्याची जुनी पद्धत आता टाळली जाते, कारण तिने कमकुवत पृष्ठभाग मोडू शकतो. डाग वाढणे, खळगा पडणे, फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा धागा) अडकून विरणे, अन्न साचणे आणि थंड वा गोड लागल्यावर ठणका रेंगाळणे ही लवकर तपासणीची कारणे आहेत. चेहऱ्यावर सूज, ताप, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

उपचार कारणानुसार बदलतात. वरचे डाग व कीटण सफाईने जातात, थांबलेल्या किडीवर केवळ नजर ठेवली जाते, खळगा पडल्यास बहुधा भरण करतात आणि मगजापर्यंत संसर्ग गेल्यास रूट कॅनाल किंवा दात काढणे हे पर्याय उरतात. ब्लीचिंगने, म्हणजे रसायनाने दात उजळवल्याने, भरणाचा वा कॅपचा रंग बदलत नाही; ते करण्याआधी कीड तपासून घ्यावी. लहान मुलांच्या किडीवर लावले जाणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड कीड रोखते, पण किडलेला भाग कायमचा काळा करते. पालकांना हे आधीच सांगायला हवे. येथे काळा, टणक पृष्ठभाग हे उपचार लागू पडल्याचे लक्षण असते आणि हवे असल्यास त्यावर नंतर दाताच्या रंगाचे भरण करता येते.