प्रतिलेखन घटकांचा लक्ष्यशोध (सस्तन पेशींतील)

सस्तन प्राण्यांच्या पेशीकेंद्रकात प्रतिलेखन घटक ही प्रथिने डीएनएवरील आपापली बंधनस्थळे हुडकून त्यांना चिकटतात. त्यामुळे ठरावीक जनुकांचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए तयार होणे) सुरू होते, थांबते किंवा कमीजास्त होते. या हुडकण्याच्या प्रक्रियेस लक्ष्यशोध म्हणतात. मानवात असे सुमारे 1,600 घटक असावेत, असा 2018 मधील एका गणनेचा अंदाज आहे. मानवी पेशींत सर्वांत आधी ओळखल्या गेलेल्या क्रमविशिष्ट (डीएनएतील ठरावीक क्रमालाच चिकटणाऱ्या) घटकांपैकी एसपी-1 (1983) हा एक होय.

बहुतेक घटक 6 ते 12 बेसजोड्यांचा (डीएनएच्या दोन धाग्यांतील समोरासमोरच्या एककांच्या जोड्यांचा) क्रम ओळखतात. सहा बेसजोड्यांचा कोणताही क्रम निव्वळ योगायोगाने सरासरी 4,096 बेसजोड्यांमागे एकदा येतो. मानवी जीनोम (डीएनएचा संपूर्ण संच) सुमारे 3 अब्ज बेसजोड्यांचा आहे, म्हणजे तो क्रम 7 लाखांहून अधिक ठिकाणी आढळेल. जीनोमभर एकमेव ठरण्यासाठी किमान 16 बेसजोड्या लागतील. ई. कोलाय या जीवाणूचा जीनोम जेमतेम 46 लाख बेसजोड्यांचा असल्याने तेथे 12 बेसजोड्याही पुरतात. थोडक्यात, जीवाणूत क्रम हाच पूर्ण पत्ता असतो. सस्तन पेशीत त्यावरून फार तर गावाचे नाव कळते. घटक बसलेले डीएनएचे तुकडे वेगळे करून त्यांचा क्रम वाचणाऱ्या, 2007 पासून रूढ झालेल्या चिप-सीक तंत्राने हे प्रत्यक्षही दिसले. एखादा घटक एका पेशीप्रकारात हजारो स्थळांवर बसलेला आढळतो, तरी जुळणाऱ्या क्रमांपैकी बहुसंख्य रिकामेच असतात, आणि पेशीप्रकार बदलला की भरलेली स्थळेही बदलतात.

शोधाच्या वेगाविषयीचा वाद जुना असून त्याचे मूळ जीवाणूंवरील कामात आहे. 1970 मध्ये रिग्ज, बुर्जवा व कोन यांनी लॅक रिप्रेसर (लॅक्टोज पचवणारी जनुके बंद ठेवणारे जीवाणूतील प्रथिन) आपल्या स्थळाशी किती वेगाने जुळते हे मोजले. तो वेग मुक्त विसरणाने (द्रावणातील रेणूंच्या दिशाहीन भटकंतीने) शक्य मानलेल्या कमाल वेगाच्या शंभरपटीच्या आसपास भरला. यावर बर्ग, विंटर व फॉन हिपेल यांनी 1981 मध्ये सविस्तर उपपत्ती मांडली. तिच्यानुसार प्रथिन डीएनएवर कोठेही सैलपणे चिकटते, धाग्यावरून थोडे सरकते, उडी मारून जवळच पुन्हा बसते किंवा एका धाग्यावरून शेजारच्या धाग्यावर जाते. त्रिमितीय भटकंतीला एकमितीय सरकण्याची जोड मिळाल्याने शोध लवकर संपतो. पाठ्यपुस्तकांत हीच मांडणी स्थिरावली. मात्र मूळ मोजमाप कमी क्षारतेच्या (कमी मिठाच्या) द्रावणातले होते. तेथे प्रथिन व डीएनए यांच्यातील विद्युत्-आकर्षण प्रबळ असते. पेशीतल्याइतकी क्षारता ठेवल्यास वेग विसरणाची मर्यादा ओलांडत नाही, असे हालफर्ड यांनी 2009 मध्ये दाखवून दिले. हा आक्षेप ग्राह्य वाटतो; पण त्यामुळे सरकण्याची कल्पना बाद होत नाही. 2012 मध्ये जिवंत जीवाणूत लॅक रिप्रेसर एका खेपेस सुमारे 45 बेसजोड्या सरकते, आणि पुष्कळदा स्वतःच्या स्थळावरूनही न थांबता पुढे जाते, असे दिसून आले.

सस्तन पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. अशा एका गुंडाळीत, म्हणजे न्यूक्लिओसोममध्ये, 147 बेसजोड्यांचा वेढा पडतो, त्यामुळे लांबवर सरकण्यास वावच नसतो. उंदराच्या भ्रूण मूलपेशींत सॉक्स-2 या घटकाचे एकेक रेणू सूक्ष्मदर्शकाखाली टिपून 2014 मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात त्रिमितीय भटकंतीच वरचढ ठरली. रेणू तीन-साडेतीन सेकंद केंद्रकात फिरतो, कोठेतरी सेकंदभरापेक्षा कमी वेळ टेकतो आणि सुटतो. अशा 80 ते 100 चाचपण्यांनंतर खरे स्थळ हाती लागते, आणि तेथेही तो सुमारे 12 सेकंदच थांबतो.

हा अल्प मुक्काम पूर्वीच्या समजुतीला धक्का देणारा होता. संप्रेरक असेपर्यंत ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही (त्या संप्रेरकामुळे कार्यरत होणारा प्रतिलेखन घटक) डीएनएवर ठाण मांडून राहतो, असे मानले जाई. 2000 मध्ये चकाकत्या प्रथिनाचा टिळा लावलेल्या ग्राहींची चकाकी लेसरने विझवली, तेव्हा त्याच जागी काही सेकंदांत नवे चकाकते रेणू येऊन बसले. याच ग्राहीच्या 2011 मधील अभ्यासात, संप्रेरक दिल्यावर त्याने धरलेल्या स्थळांपैकी 95 टक्क्यांपर्यंत स्थळे आधीपासूनच खुल्या क्रोमॅटिनमध्ये (हिस्टोनांसह गुंडाळलेल्या डीएनएच्या सैल भागात) असल्याचे आढळले. म्हणजे कोठे बसायचे याचा बराचसा निर्णय पेशीने अगोदरच घेतलेला असतो.

मग बंद क्रोमॅटिन प्रथम उघडते कोण? झरेट व सहकाऱ्यांनी याचे श्रेय ‘अग्रणी घटकां’ना दिले. फॉक्स-ए हे त्यांचे ठळक उदाहरण. त्याच्या बंधनभागाची घडी जोड-हिस्टोनच्या (न्यूक्लिओसोमांमधील डीएनएवर बसणाऱ्या हिस्टोनच्या) घडीसारखी असते, आणि यकृत बनण्यापूर्वीच्या पेशींत अल्ब्युमिन जनुक मूक असतानाही तो त्या जनुकाच्या एन्हान्सरवर (प्रतिलेखन वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) बसलेला असतो. अलीकडे मात्र मात्रा वाढवल्यास सामान्य समजले जाणारे घटकही बंद क्रोमॅटिन उघडतात, असे प्रयोग पुढे आले आहेत. अग्रणी हा वेगळा वर्ग मानण्याऐवजी फरक कमीअधिक प्रमाणाचा मानणे सध्या अधिक सुरक्षित होय.

दुबळ्या क्रमओळखीची उणीव सहकार्याने भरून निघते. विषाणूसंसर्गात चालू होणाऱ्या इंटरफेरॉन-बीटा जनुकाच्या सुमारे 55 बेसजोड्यांच्या एन्हान्सरवर एटीएफ-2, सी-जून, आयआरएफ व एनएफ-कॅपाबी असे घटक दाटीवाटीने एकत्र बसतात. एकट्यादुकट्याने काम होत नाही. इतकी काटेकोर रचना अपवादात्मक असावी. इतर बहुतेक एन्हान्सरांत घटकांच्या जागा व क्रम बदलले तरी चालते, असे दिसते.

स्थळ सापडले म्हणजे जनुक सापडले असे नाही. बोटांची संख्या ठरवण्यात भाग घेणाऱ्या एसएचएच जनुकाचा अवयवांकुरात (भ्रूणात हातपाय जेथून फुटतात त्या भागात) काम करणारा एन्हान्सर जनुकापासून सुमारे 10 लाख बेसजोड्या दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. त्यातील एक बेसजोडी बदलल्यानेही मानवात व मांजरांत जादा बोटे उद्भवतात. डीएनएचा धागा वळून हे अंतर मिटते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. घटक थेंबांसारख्या पुंजक्यांत साठून शोध सोपा करतात, हे मत 2017 नंतर बरेच पुढे आले असले, तरी जिवंत पेशीतील त्याचे पुरावे वादग्रस्त आहेत.