सहाय्यित मृत्यू : कायदेशीर मान्यतेचा वाद आणि सुरक्षातरतुदी

असाध्य आजार किंवा असह्य त्रास असलेल्या व्यक्तीने स्वतः मागणी केल्यावर तिला आयुष्य संपवण्यासाठी वैद्यकीय मदत देणे, याला सहाय्यित मृत्यू म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात डॉक्टर औषध लिहून देतो आणि रुग्ण ते स्वतःच्या हाताने घेतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्याचा कायदा एवढ्यालाच परवानगी देतो. दुसऱ्यात औषध डॉक्टरच देतो. नेदरलँड्स, बेल्जियम आणि स्पेनमध्ये हे कायदेशीर आहे, तर कॅनडात जवळजवळ सर्व मृत्यू याच प्रकारे होतात. व्हेंटिलेटर काढणे, उपचार थांबवणे किंवा रुग्णाने उपचार नाकारणे यात मोडत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जी मान्यता दिली ती उपचार थांबवण्याला आणि त्यासाठी आधी करून ठेवलेल्या लेखी निर्देशाला. डॉक्टरने मृत्यू घडवून आणण्याला ती लागू नाही.

समर्थकांचा मुख्य आधार व्यक्तिस्वातंत्र्य आणि त्रासातून सुटका हा आहे. विरोधकांचे आक्षेप तीन दिशांनी येतात : जीवनाचे पावित्र्य, डॉक्टरच्या व्यवसायधर्माशी विसंगती, आणि वृद्ध, अपंग व गरीब माणसांवर येणारा न बोललेला दबाव. पहिल्या दोन आक्षेपांवर तडजोड होत नाही. तिसऱ्यावर मात्र कायदा लिहिता येतो, म्हणून संसदांमधली बहुतेक चर्चा शेवटी सुरक्षातरतुदींवर येऊन थांबते. अटी किती आहेत यापेक्षा त्या कोण तपासतो, केव्हा तपासतो आणि तपासणाऱ्याच्या हाती काय असते, हे अधिक महत्त्वाचे असते. संसदेत मात्र मोजल्या जातात त्या सह्या आणि दिवस.

ऑरेगनमधील माहिती दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. तेथे औषध मागणाऱ्यांनी सांगितलेल्या कारणांत स्वायत्तता गमावणे, आवडीच्या गोष्टी करता न येणे आणि सन्मान हरवणे ही सातत्याने वरच्या क्रमांकावर असतात. वेदना किंवा तिची भीती बरीच खाली येते. ‘असह्य वेदनेतून सुटका’ हा समर्थकांचा नेहमीचा युक्तिवाद त्यामुळे अपुरा ठरतो. ‘वेदनाशमन नीट केले तर मागणीच उरणार नाही’ हा विरोधकांचा दावाही तितकाच अपुरा ठरतो. शिवाय औषधाची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते कधीच घेत नाहीत. काहींचा आजारानेच मृत्यू होतो, तर काहींना औषध हाताशी आहे एवढेच पुरते.

पात्रता

पात्रता ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंड येथे सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित असावा लागतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाच्या मूळ कायद्यात चेतापेशी हळूहळू नष्ट होत जाणाऱ्या आजारांसाठी ही मुदत बारा महिने ठेवली होती. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये मुदत नाही. तेथे त्रास असह्य असावा आणि सुधारण्याची आशा नसावी, अशी कसोटी आहे.

मुदतीची अट कागदावर नेमकी दिसते, पण ती ज्या अंदाजावर उभी आहे तो अंदाजच कच्चा असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, शिकागोतील हॉस्पिस सेवेत (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील शुश्रूषेत) दाखल झालेल्या ४६८ रुग्णांच्या अभ्यासात डॉक्टरांचे केवळ २० टक्के अंदाज बरोबर ठरले. ६३ टक्के अंदाज गरजेपेक्षा आशावादी होते. अंदाज आशावादी असला की पात्र रुग्ण उशिरा पात्र ठरतो आणि प्रक्रिया पुरी होण्याआधी त्याची शुद्ध हरपते. उलट बाजूने, सहा महिने सांगितलेला एखादा रुग्ण दोन वर्षेही जगतो.

त्रासाच्या कसोटीत अडचण वेगळी असते. त्रास असह्य आहे की नाही हे रुग्णच सांगू शकतो, डॉक्टरला ते फक्त पटावे लागते. डच कायद्यात म्हणूनच आणखी एक अट आहे : दुसरा कोणताही वाजवी उपाय उरलेला नाही, या निष्कर्षावर डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून यायला हवे. मानसिक आजारांत ही अट सर्वांत अवघड जाते, कारण उपचार संपले असे ठामपणे म्हणण्याची वेळ तिथे क्वचितच येते.

मागणीपासून औषधापर्यंत

ऑरेगनचा कायदा मतदारांनी १९९४ मध्ये मंजूर केला आणि तो १९९७ मध्ये अमलात आला. पुढच्या अनेक कायद्यांनी त्याचाच साचा घेतला, म्हणून त्याचा क्रम पाहण्याजोगा आहे. प्रौढ रुग्ण उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे तोंडी मागणी करतो. डॉक्टर निदान, आयुष्याचा अंदाज, औषधाचे धोके आणि हॉस्पिस व वेदनाशमनासारखे पर्याय समजावून सांगतो. दुसरा डॉक्टर स्वतंत्रपणे निदान आणि निर्णयक्षमता तपासतो. दोघांपैकी कोणालाही मानसिक आजारामुळे निर्णयशक्ती बाधित झाल्याचा संशय आला, तर मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवणे बंधनकारक आहे. लेखी मागणीवर दोन साक्षीदार लागतात. त्यांपैकी किमान एक नातेवाईक, वारस किंवा रुग्णालयाचा कर्मचारी नसावा, आणि उपचार करणारा डॉक्टर साक्षीदार होऊ शकत नाही. पहिल्या तोंडी मागणीनंतर किमान १५ दिवसांनी दुसरी तोंडी मागणी होते आणि त्या वेळी माघार घेण्याची संधी द्यावीच लागते. लेखी मागणी आणि चिठ्ठी यांत ४८ तास जावे लागतात.

या साखळीतला कमकुवत दुवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याचा आहे. संशय डॉक्टरला यायला हवा, आणि नैराश्य ओळखण्यात सर्वसाधारण डॉक्टर पुष्कळदा चुकतात. मरणाच्या दारात असलेल्या माणसाची उदासी ‘स्वाभाविक’ मानली जाते. ऑरेगनमध्ये वर्षाकाठी मोजकेच रुग्ण असे पाठवले जातात. मात्र सर्वांनाच पाठवा म्हटले तर तज्ज्ञांअभावी ग्रामीण भागातला रुग्ण प्रक्रियेबाहेर पडतो. साक्षीदारांची तरतूदही दिसते तेवढी भक्कम नाही. साक्षीदार सही करताना पाहतो, घरात महिनाभर काय बोलले गेले ते त्याला ठाऊक नसते.

प्रतीक्षेचा काळ किती असावा यावर एकमत नाही. कारण त्याची दोन कामे एकमेकांच्या आड येतात : मागणी टिकाऊ आहे का ते पाहणे आणि रुग्णाला विनाकारण न रखडवणे. ऑस्ट्रियात २०२२ पासून १२ आठवडे थांबावे लागते आणि आजार अखेरच्या टप्प्यात असेल तर दोन आठवडे. कॅलिफोर्नियाने १५ दिवसांचे अंतर २०२२ मध्ये ४८ तासांवर आणले. ऑरेगनने २०२० पासून, रुग्ण १५ दिवस जगण्याची शक्यता नसेल तर ही अट शिथिल केली. मुदती कमी होत गेल्या याचे कारण व्यवहारातले आहे : लोक मागणी फार उशिरा करतात. उशिरा मागणी करण्यामागे बहुधा डॉक्टर शोधण्यात गेलेले आठवडे असतात, आणि ते कोणत्याही कायद्याच्या मुदतीत मोजले जात नाहीत.

विषय प्रथम कोणी काढायचा, हाही छोटा वाटणारा पण गंभीर प्रश्न आहे. व्हिक्टोरियाच्या २०१७ च्या मूळ कायद्याने आणि न्यूझीलंडच्या कायद्याने डॉक्टरला स्वतःहून हा पर्याय सुचवण्यास मनाई केली. डॉक्टरचा शब्द रुग्णाला सल्ल्यासारखा लागतो, हे त्यामागचे कारण. त्याचा परिणाम असा की ज्याला कायद्याची माहितीच नाही, किंवा ज्याला भाषेची अडचण आहे, त्याला पर्याय कळतच नाही.

निर्णयक्षमता गेल्यानंतर

स्मृतिभ्रंशात पेच सर्वांत तीव्र होतो. माणूस शहाणा असताना त्रास असह्य नसतो आणि त्रास असह्य होतो तेव्हा संमती देण्याची क्षमता उरत नाही. नेदरलँड्स आधी लिहून ठेवलेले निवेदन ग्राह्य धरते. २०१६ मध्ये तेथे शुश्रूषागृहातील एका ७४ वर्षांच्या स्त्रीला डॉक्टरने कॉफीतून गुंगीचे औषध दिले. पुढे ती उठू लागली तेव्हा नातेवाइकांनी तिला धरून ठेवले. तिच्या लेखी निवेदनात ‘मला वेळ योग्य वाटेल तेव्हा’ अशा आशयाची मोघम शब्दरचना होती. तपासणी समितीने डॉक्टरवर ठपका ठेवला, खटला चालला, न्यायालयाने २०१९ मध्ये डॉक्टरला निर्दोष ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निकाल उचलून धरला. निवेदनाचा अर्थ लावण्याचे काम डॉक्टरचे आहे आणि त्याने केवळ शब्दांवर अडून राहू नये, असा निकालाचा रोख आहे. टीकाकारांच्या मते नेमकी हीच मोकळीक धोक्याची आहे. निवेदन लिहिणाऱ्यांनी त्यातून घ्यायचा धडा मात्र साधा आहे : ‘माणसे ओळखता न येणे’ यासारखी, दुसऱ्याला पाहता येईल अशी अवस्था नमूद करावी आणि निवेदन वेळोवेळी नव्याने सही करून ठेवावे.

कॅनडाने २०२१ मध्ये मर्यादित सवलत दिली. मृत्यू नजीक असलेल्या, तपासणीत पात्र ठरलेल्या आणि तारीख ठरवलेल्या रुग्णाची क्षमता त्याआधी गेली, तर लेखी कराराच्या आधारे अंतिम संमतीशिवाय पुढे जाता येते. रुग्णाने शब्दाने वा हावभावाने विरोध दाखवला तर करार रद्द होतो.

तपासणी आधी की नंतर

नेदरलँड्समध्ये २००२ पासून पाच प्रादेशिक समित्या प्रत्येक प्रकरण मृत्यूनंतर तपासतात. समितीत विधिज्ञ, डॉक्टर आणि नीतितज्ज्ञ असतात. निकष पाळले गेले असे समितीला वाटले तर प्रकरण तेथेच मिटते, सरकारी वकिलाकडे जात नाही. २०२३ मध्ये ९,०६८ प्रकरणे नोंदली गेली, म्हणजे देशातील एकूण मृत्यूंच्या ५.४ टक्के. त्यांपैकी निकषभंग ठरलेली मोजकीच होती. याचा अर्थ पद्धत उत्तम चालते असा काढता येतो, आणि समितीला डॉक्टरने लिहिले तेवढेच दिसते असाही. दोन्ही अर्थ त्याच आकड्यातून निघतात. ज्याची साक्ष सर्वांत महत्त्वाची, तो माणूस तपासणीच्या वेळी हयात नसतो.

शिवाय प्रकरण नोंदवण्याचे काम डॉक्टरचे स्वतःचेच असते. मृत्यूदाखल्यांवर आधारित डच अभ्यासांत नोंदणीचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आढळत आले आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात २००७ मध्ये ते जेमतेम निम्मे होते. न नोंदलेल्या प्रकरणांपैकी बहुतेकांत डॉक्टरने आपल्या कृतीला वेदनाशमन किंवा गुंगीचे उपचार मानले होते.

बेल्जियमची समिती सोळा सदस्यांची आहे. डॉक्टरचा अर्ज दोन भागांत येत असे. नावांचा भाग मोहोरबंद असे आणि शंका आली तरच उघडला जाई. हेतू निःपक्षपातीपणाचा असला तरी या गुप्ततेचा उलटाच परिणाम झाला. एका प्रकरणात मृत्यू घडवून आणणारा डॉक्टरच समितीत बसलेला होता. नावे बंद असल्याने बाकीच्यांना ते कळण्याचा मार्ग नव्हता आणि बाजूला होणे त्याच्या इच्छेवर सोडलेले होते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२२ मध्ये कायद्याला आक्षेप घेतला नाही, पण अशी तपासणी स्वतंत्र म्हणता येणार नाही असे ठरवले.

स्पेनने २०२१ च्या कायद्यात तपासणी आधी आणली. १५ दिवसांच्या अंतराने दोन मागण्या आणि दुसऱ्या डॉक्टरची तपासणी झाल्यावर प्रादेशिक आयोगातील एक डॉक्टर आणि एक विधिज्ञ कागदपत्रे पाहतात. त्यांना रुग्णाशी बोलता येते. त्यांच्या होकाराशिवाय पुढे जाता येत नाही. चूक दुरुस्त होऊ शकते ती याच टप्प्यावर, त्यामुळे तत्त्वतः ही रचना डच पद्धतीपेक्षा सरस आहे. तिची किंमत वेळेत मोजावी लागते आणि काही रुग्ण निर्णय येण्याआधी मरण पावतात. इंग्लंड व वेल्ससाठीच्या विधेयकात प्रत्येक प्रकरण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे नेण्याचा प्रस्ताव होता. न्यायालयांवरील भाराचा मुद्दा पुढे आल्यावर त्याऐवजी विधिज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांचे मंडळ आणले गेले. त्या रूपात कनिष्ठ सभागृहाने ते जून २०२५ मध्ये ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केले.

औषधाचा ताबा

रुग्णाने स्वतः औषध घेण्याच्या पद्धतीत औषध घरी राहते. ऑस्ट्रेलियातील राज्यांत ते कुलूपबंद पेटीत देतात आणि उरलेले परत करण्यासाठी एक संपर्क-व्यक्ती नेमावी लागते. क्वीन्सलँडमध्ये २०२३ मध्ये एका रुग्ण स्त्रीचा मृत्यू रुग्णालयात झाला आणि तिचे औषध घरीच राहिले. संपर्क-व्यक्ती असलेल्या तिच्या वृद्ध पतीने ते स्वतः घेतले. परत करण्यासाठी कायद्याने १४ दिवस दिले होते. मृत्यूचौकशी अधिकाऱ्याने पुढे या तरतुदीवर कठोर टीका केली. शोकात असलेल्या माणसाला एकट्याला ताबा दिला गेला, हे मसुदा लिहिताना कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

व्याप्ती वाढते का

उत्तर देशागणिक बदलते. ऑरेगनमध्ये पात्रतेची सहा महिन्यांची अट पहिल्या दिवसापासून तशीच आहे. सैल झाल्या त्या प्रतीक्षा आणि रहिवासाच्या अटी. बेल्जियमने २०१४ मध्ये वयाची अट काढून, निर्णयाची समज असलेल्या मुलांनाही कडक अटींवर मुभा दिली. कॅनडात २०१६ च्या कायद्यातील ‘मृत्यू वाजवीपणे अपेक्षित’ ही अट क्यूबेकमधील २०१९ च्या निकालाने कोसळली आणि २०२१ मध्ये दोन मार्ग झाले : एक मृत्यू नजीक असलेल्यांचा, दुसरा नसलेल्यांचा. मृत्यू नजीक नसलेल्यांच्या तपासणीला किमान ९० दिवस द्यावे लागतात. २०२३ मधील १५,३४३ मृत्यूंपैकी ६२२ या दुसऱ्या मार्गाचे होते. केवळ मानसिक आजाराच्या आधारे पात्रता देणे वारंवार पुढे ढकलले गेले आणि शेवटी मार्च २०२७ ही तारीख ठरली.

या दुसऱ्या मार्गावरील खरी वादाची जागा एका क्रियापदात आहे. अपंगसेवा, समुपदेशन, सामाजिक आधार यांची माहिती रुग्णाला द्यावी आणि संबंधितांशी भेट देऊ करावी, असे कायदा म्हणतो. त्या सेवा प्रत्यक्ष मिळाल्या पाहिजेत असे तो म्हणत नाही. घर, मदतनीस किंवा वेदना-चिकित्सालयातील तारीख वर्षभर मिळत नसेल, तर ९० दिवसांची वाट पाहणे लवकर संपते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कतज्ज्ञांनी २०२१ मध्ये, आणि अपंग संघटनांनी त्याआधीपासून, हाच आक्षेप नोंदवला होता.